अजिंठ्याला निघालेली गाडी

"हे पाह्य शोभा, गाडी तर सांगितली, पन सीटा अजून रिकाम्या हायेत," रामाजी बारापात्रे चहाची बशी खाली ठेवत म्हणाले. "रिकाम्या सीटचं भाडं भरनं म्हनजे हवेले फिरवून आनन्यासारखं झालं."

शोभाताईंनी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हटलं, "बरं."

नागपूरच्या सदर भागातल्या चष्म्याच्या दुकानात रामाजींचा जन्म गेला होता. समोरच्या गिऱ्हाइकाला लांबचं दिसत नाही की जवळचं, हे ते चुटकीसरशी ओळखत. घरातलं बायकोचं 'बरं' मात्र त्यांना कधीच नीट वाचता आलं नाही. त्यांनी ते संमती समजून खिशात टाकलं आणि फोन घेऊन गॅलरीत गेले.

खरं तर या सहलीचा आरंभ फार चांगला झाला होता. शोभाताई नंदनवन भागातल्या एका शाळेत इतिहास शिकवायच्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. दर वर्षी अजिंठ्याचा धडा आला की एखादं पोर हात वर करून विचारायचं, "मॅडम, तुमी पाह्यल्या का त्या लेण्या?" शोभाताई म्हणायच्या, "पाहणार आहे." मग घराचं कर्ज आलं, सासूबाईंचं आजारपण आलं, मुलाचं इंजिनिअरिंग आलं, आणि लेण्या जिथल्या तिथे राहिल्या. शेवटच्या वर्षी एका मुलीने पुढचा प्रश्न विचारला, "केव्हा?" शोभाताईंनी हातातला खडू खाली ठेवला आणि वर्गाला धडा मनात वाचायला सांगितला. निरोपसमारंभाहून घरी आल्यावर हे सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला.

"यंदा अजिंठा!" रामाजी तिथल्या तिथे म्हणाले. "आपन दोघंच. आरामात. तू दाखव, मी पाह्यतो."

शब्द मनापासून दिलेला होता. पण रामाजी हिशेबी माणूस. कंजूष म्हटलेलं त्यांना आवडत नसे, आणि ते खरंही नव्हतं. पाहुण्याला ते पोटभर तर्री-पोहे खाऊ घालत, फक्त एका कामाच्या खर्चात दोन कामं झाली नाहीत तर त्यांना झोप येत नसे. दोन माणसांसाठी नागपूरहून अजिंठ्यापर्यंत आख्खी गाडी करायची, हे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी समोरच्या घरातल्या जितेंद्रला सहज विचारलं.

आता आपल्याकडे एक रीत आहे. कुठेही निघालं की शेजाऱ्याला "येता का?" म्हणायचं आणि शेजाऱ्याने "पुढच्या खेपेला नक्की" म्हणायचं. दोघांचा मान राहतो आणि गाडीत जागाही राहते. जितेंद्रने ही रीत पार धुडकावून लावली.

"येतो ना काका! काहून नाही येनार?" तो म्हणाला. "कामिनी तं कवाची म्हनून राहिली, कुठंतरी जाऊ म्हनून."

जितेंद्र-कामिनी हे जोडपं आलं, म्हणून मोठी गाडी ठरली. मोठी गाडी ठरली, म्हणून तिच्यात सीटा उरल्या. त्या भरायला कामिनीच्या आईला घेतलं, कारण म्हातारी एकटी घरी काय करणार? आईबरोबर तिच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणी आल्या आणि गाडी लहान पडली. म्हणून टेम्पो ट्रॅव्हलर सांगितली. तिच्यात पुन्हा सीटा उरल्या. रामाजींनी मग सकाळी बागेत हसण्याचा व्यायाम करणाऱ्या मंडळाला विचारलं, तर ते खरंच हसत हसत तयार झाले आणि ट्रॅव्हलरही लहान पडली. सरतेशेवटी बंटी नावाच्या ड्रायव्हरची मिनीबस ठरली. गाडी मोठी होत गेली तसा माणशी खर्च कमी होत गेला, आणि रामाजींची छाती फुगत गेली.

प्रत्येक माणूस आपलं सामान आणतो तसा आपला देवही आणतो, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"शेगावच्या दारावरून जायचं आन् महाराजांचं दर्शन नाही घ्यायचं?" कामिनीच्या आईने कानाला हात लावले. "पाप लागन ना बाप्पा!"

शेगाव घेतलं. हास्यमंडळाने शिर्डी मागितली. शिर्डीपर्यंत जायचंच तर शनिशिंगणापूर तिथून हाकेवर, आणि जितेंद्रची साडेसाती चालू. बायकांना येवल्याला पैठण्या नुसत्या पाहायच्या होत्या. पाहायला कुठे पैसे लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते ऐकून सगळे नवरे गंभीर झाले. हे सगळं बसवता बसवता अजिंठा सरकत सरकत सोमवारावर जाऊन पडला.

"सोमवारी अजिंठा बंद राह्यते," शोभाताई म्हणाल्या. महिनाभरात 'बरं' सोडून त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मंग वेरूळ घेऊ मंगळवारी," जितेंद्र म्हणाला.

"मंगळवारी वेरूळ बंद."

सभा रामाजींच्याच हॉलमध्ये भरली होती आणि पोहेही त्यांचेच होते. सगळे एकदम पोह्यांकडे वळले. मग कामिनी समजुतीच्या सुरात म्हणाली, "काकू, लेण्या कुठी पळून जाऊन राहिल्या का? दोन हजार वर्षांपासून तिथंच हायेत ना! आन् चित्रं तं मोबाइलवर बी दिसतात. प्रसाद थोडीच भेटते मोबाइलवर?"

सगळे हसले. रामाजींनाही सवयीने हसू फुटलं, पण बायकोकडे नजर गेली आणि ते अर्ध्यावरच विरलं. शोभाताई रिकाम्या प्लेटा उचलत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रामाजींना वाटलं. त्या नुसत्याच प्लेटा उचलत होत्या. रामाजींना एकदम स्वतःची फार लाज वाटली.

"एक दिवस वाढवला तं?" त्यांनी घसा खाकरून विचारलं.

"भाडं वाढन ना काका!" भाडं ठरवायला आलेला बंटी म्हणाला.

"माणशी किती पडन मंग?" हास्यमंडळाने विचारलं, आणि रामाजी आपल्याच शस्त्राने घायाळ होऊन खाली बसले. तेवढ्यात कोणीतरी मोबाइलवर सहलीच्या ग्रुपचं 'अजिंठा-वेरूळ' हे नाव काढून 'जय गजानन टूर' करून टाकलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. अजिंठा त्या ग्रुपमधूनही बाहेर गेला.

त्यानंतरचे दिवस रामाजींनी चोरासारखे काढले. "वेरूळले घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन वेळ उरला तं बाहेरून तरी लेणं पाहू, फाटकातून दिसत असन," असं ते एकदा म्हणाले. शोभाताईंनी "बरं" म्हटलं. या खेपेचं 'बरं' काही वेगळंच होतं, पण ते काय होतं हे त्यांना कळेना.

निघायचा दिवस शुक्रवार. सकाळी मिनीबस दारात उभी राहिली. टाळ चढले, चिवड्याचे डबे चढले, कामिनीच्या आईची कमोडची खुर्ची वर टपावर बांधली गेली. रामाजी हातवारे करत एकेकाला जागेवर बसवत होते. तेवढ्यात एक ऑटो येऊन थांबला आणि त्यातून त्यांची धाकटी बहीण सुभद्रा आणि तिचे यजमान ताराचंद, असे दोघं बोचक्यांसह खाली उतरले. पार खापा गावाहून!

"या या जवाईबुवा!" रामाजी गडबडून म्हणाले. "निरोप द्यायले आले का?"

"निरोप कायले? यायले आलो!" ताराचंदांनी टोपी सारखी केली, बसमध्ये चढले आणि ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरून बसले. सुभद्रा शेजारी बसली. बसलेल्या जावयाला ऊठ म्हणण्याची पद्धत आपल्याकडे नाही. जावई बसला की सीट त्याच्या नावावर झाली, सातबाऱ्यावर नोंद झाल्यासारखी.

रामाजींनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. सगळीकडे डोकीच डोकी. संपूर्ण बसमध्ये आता फक्त दोन माणसांना जागा नव्हती. त्यातला एक तो सहल काढणारा होता आणि दुसरी जिच्यासाठी सहल काढली ती.

"बंटी, मधात स्टूल टाकता येते का गा?"

"नाही काकाजी, चालान फाडतात. सद्या लय चेकिंग चालू हाय."

"जवाईबुवा," रामाजींनी खिडकीपाशी जाऊन अगदी हळू विचारलं, "तुमाले कोनं सांगितलं, सीट हाय म्हनून?"

"शोभावहिनीनं! परवा फोन आला. म्हने, दोन सीटा तुमच्यासाठीच ठेवल्या, नाही म्हनू नका, यावंच लागते." ताराचंद भारावले होते. "मानाचा फोन होता, साळेबुवा. आमी रात्रभर बॅगा भरल्या."

रामाजींनी वळून पाहिलं. शोभाताई फाटकाला टेकून उभ्या होत्या आणि ताराचंदांना म्हणत होत्या, "भाऊजी, आता सगळं तुमच्यावर हं! यायले काही जमत नाही आमाले. सांभाळून न्या सगळ्यायले." ताराचंदांना आयुष्यात प्रथमच एवढी मोठी फौज मिळाली होती. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून "गजानन महाराज की" म्हटलं, बस "जय" म्हणाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

रस्त्यावर धूळ तेवढी राहिली.

"शोभा, तू हे मुद्दाम केलं?"

"हो."

"काहून वं? माझी गाडी, मीच जमवले सगळे!"

"म्हनूनच तं," शोभाताई म्हणाल्या. "तुमाले रिकामी सीट पाहवत नाही. मी म्हटलं, चला, आपल्या बी भरून टाकू." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मी कोनावर रागावली नाही हो. ते सगळे खुशीनं गेले, चांगलं झालं. पन मले ते फाटकातून नव्हतं पाह्याचं."

माफी मागायची रामाजींना सवय नव्हती, म्हणून त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. पिशवी जड होती. आत दोघांचे कपडे होते आणि वर जळगावची रेल्वेची दोन तिकिटं, आजच्याच दुपारच्या गाडीची. रामाजींनी चष्मा वर सरकवून त्यांवरची रक्कम वाचली, पुन्हा वाचली.

"हे तं बसच्या हिश्श्यापेक्षा बी कमी हाय!" ते ओरडले, आणि या प्रसंगी आपल्याला नेमका याच गोष्टीचा आनंद व्हावा याची त्यांना मनातून शरम वाटली. शोभाताई मात्र महिनाभरात पहिल्यांदा खळखळून हसल्या.

शनिवारी सकाळी दोघं अजिंठ्याच्या पायऱ्या चढले. रामाजींचे गुडघे कुरकुरत होते; रामाजी मात्र एकेक पायरी मोजत चढत होते. पहिल्याच लेण्यात, मंद उजेडात, हातात कमळ धरलेला, पापण्या खाली झुकलेला तो पद्मपाणी दिसला. शोभाताई उभ्या राहिल्या आणि जागच्या हलेचनात. एवढ्या वर्षांनी आलो, आणि हिला आवडलं नाही की काय, या भीतीने रामाजींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे काठोकाठ भरलेले होते. रामाजींनी मग भिंतीकडे पाहायचं सोडलं आणि तिलाच पाहत राहिले.

थोड्या वेळाने त्या हळूच सांगू लागल्या. रंग कसे केले, गिलावा कशाचा, हा राजपुत्र असून इतका उदास का. त्या रामाजींनाच सांगत होत्या, पण वर्गाचा आवाज लपत नाही. शेजारचं एक कुटुंब जवळ सरकलं. मग कॉलेजची पोरं आली. मग कोल्हापूरकडच्या बायकांचा एक घोळका टाचा उंचावून ऐकू लागला. "बाई, मोठ्यानं सांगा की!" कोणीतरी म्हणालं, आणि शोभाताईंनी पदर खोचला. पुढच्या लेण्यात शिरेपर्यंत त्यांच्यामागे चांगली वरात तयार झाली होती आणि रामाजी पार शेपटाला गेले होते.

दारातल्या रखवालदाराने त्यांच्यापुढे हात आडवा धरला. "थांबा काका, आत भरलं. एका टायमाला ठरावीकच माणसं सोडतो आम्ही."

"अरे पन त्या बाई सांगून राहिल्या ना, मी त्यायचा नवरा हाव!"

"असाल. पण आता पुढच्या खेपेला."

रामाजी लेण्याच्या उंबऱ्याजवळच्या पायरीवर बसले. आतून शोभाताईंचा आवाज घुमत येत होता, स्पष्ट, ठाम, कुठेही न कापणारा. त्यांना आतलं काहीच दिसत नव्हतं, तरी सगळं दिसल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शेगावला मुक्कामाला थांबलेले ताराचंद होते.

"साळेबुवा, लय मोठी लाइन हाय इथं! तासभर झाला, उभंच हाव. तुमचं काय चालू हाय घरी?"

"मी बी लाइनीतच हाव, जवाईबुवा," रामाजी समाधानाने म्हणाले, आणि आतलं ऐकू यावं म्हणून त्यांनी फोन बंद केला.