शिवादादांचं नाक

चिकटवाचिकटवीत माझा हात धरील असा माणूस अख्ख्या नवीन पनवेलमध्ये सापडायचा नाही! चपलेचा अंगठा, मिक्सरचं झाकण, शेजारच्या मनिषाताईंच्या चष्म्याची काडी... सगळं मी जोडलंय. मनिषाताईंचा चष्मा आता मिटत नाही, तो भाग वेगळा.

तर अशा माणसाचं, म्हणजे माझं, लग्न झालं कादंबरीशी. तिचा व्यवसाय जुनी चित्रं आणि पुतळे दुरुस्त करण्याचा. त्या व्यवसायाचा पहिला नियम तिनं मला सांगितला, तेव्हा मी पोट धरधरून हसलो होतो.

"चिकटवायचं ते असं, की पुढे कधी वाटलं तर सोडवता आलं पाहिजे."

"सुटणारा गोंद? मग गळणारी छत्री पण घे!"

"दीपेश, आपल्यानंतरही कुणीतरी त्या वस्तूला हात लावणार असतो. त्याची वाट आपण बंद करायची नाही."

मी मान डोलावली. पटलं काहीच नव्हतं.

त्या शनिवारी आमच्या डायनिंग टेबलावर ओवे गावचे शिवादादा बसले होते. म्हणजे त्यांचा प्लॅस्टरचा अर्धपुतळा. शिवादादांनी गावच्या वाचनालयाला स्वतःची जागा दिली होती, आणि त्या वाचनालयात त्याच दिवशी समारंभानं हा पुतळा बसायचा होता. रंगवताना तो पडला. एक कान आणि नाक निखळलं. कान कादंबरीनं सकाळीच जोडला होता. नाक बशीत होतं.

"मी कामोठ्याला साखरपुड्याला जाऊन येते. आल्यावर नाक लावते. तू हात लावू नकोस."

"मी कशाला लावतोय?"

ती गेली आणि फोन वाजला. शिवादादांचा पुतण्या कमळाकर. "साहेब, पाहुणे लवकर येतायत. आमी टेम्पो घेऊन निघालो. झालंय ना नाक?"

आता मला सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? बायकोच्या धंद्याच्या इभ्रतीचा प्रश्न! मी म्हणालो, "एकदम तयार!"

कादंबरीला फोन लावला. उचलेना. साखरपुड्यात फोन कोण ऐकतो? मग मी बाह्या सरसावल्या. तिच्या कपाटात रेझिनची, म्हणजे तिच्या त्या सुटणाऱ्या गोंदाची, बाटली होती. आत काचेसारखे स्वच्छ दाणे. साबुदाण्यासारखे दिसत होते, म्हणून साबुदाण्यासारखे भिजत घातले. फुगेनात! पाणी उकळून ओतलं. सगळे दाणे एकमेकांना मिठी मारून बसले आणि त्यांचा झाला एक गोळा, गुलाबजामाएवढा. ते अ‍ॅसिटोनमध्ये म्हणजे नेलपॉलिश पुसायच्या द्रावात विरघळवतात हे मला नंतर कळलं. बरंच काही मला नंतर कळलं.

पण मी माघार घेणारा नव्हे! खाली हार्डवेअरच्या दुकानात पळालो, क्षणात चिकटणारी ट्यूब आणली, नाकाला भरपूर लावली आणि नाक शिवादादांच्या चेहऱ्यावर घट्ट दाबून धरलं.

चिकटलं! काय चिकटलं! नाक चेहऱ्याला, आणि माझा अंगठा नि तर्जनी नाकाला.

ओढून पाहिलं. शिवादादाच माझ्याकडे सरकले. तेवढ्यात बेल वाजली.

करणार काय? डाव्या हातानं शिवादादांना छातीशी कवटाळलं, उजव्यानं नाक धरलेलंच होतं, तसाच दारापर्यंत गेलो आणि हनुवटीनं कडी काढली.

दारात कमळाकर, आणि त्याच्या मागे वेणूआत्या. शिवादादांची थोरली लेक. जरीचं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा.

"आगं आयो!" वेणूआत्या किंचाळल्या. "यानं माज्या बापसाचं नाक धरलंय!"

"साहेब, सोडा," कमळाकर म्हणाला.

"नाही सोडता येत."

"नाय येत म्हंजे? काय पायजे काय तुमाला?"

"मला काही नको हो!"

"मग राग काय हाय आमच्यावर?" वेणूआत्यांचा आवाज चढला. "जल्मात कुनापुडं नाक नाय घासलं माज्या बापसानं, आनि तू त्याला नाकाला धरून फिरवतोस?"

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. मनिषाताई. चष्म्यासकट! मी शिवादादांच्या टकलामागे तोंड लपवलं.

तेवढ्यात जिन्यावरून कादंबरी आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, नाकाकडे पाहिलं, आणि ओरडली नाही. तेच जास्त भीतिदायक होतं.

"आत्या, बसा. कमळाकरदादा, पुतळा खालून धरा. दीपेश, हलायचं नाही. बोटं सोडवायला अ‍ॅसिटोन आणते. जोडलेला कानही याच अ‍ॅसिटोननं सुटतो. एक थेंब तिकडे जाता कामा नये."

"हलणार नाही!" मी दात आवळून म्हणालो. आणि खरंच हललो नाही. कापसाच्या बोळ्यानं ती बोटांच्या कडेकडेनं सोडवत होती. तो वास सरळ माझ्या मस्तकात गेला. मी श्वास रोखला. आईची शपथ घेतली. देवाला हाक मारली.

आणि शिंकलो!

बाटली पुतळ्यावर कलंडली. बोटं सुटली, नाकही सुटलं. आणि थोड्या वेळानं शिवादादांचा कान अलगद घसरून वेणूआत्यांच्या ओटीत पडला.

वेणूआत्या कान तळहातावर घेऊन बसल्या. "लानपनी याच कानात मी गुपितं सांगायची," त्या हळूच म्हणाल्या. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

कादंबरीनं कान दिव्याखाली धरला. "बघा आत्या, कड जशीच्या तशी आहे. पुन्हा बसेल. नाकाची मात्र यांनी वाट लावलीय. पण बसवते. संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

कमळाकरनं गावात फोन केला. "पावन्यांना आदी जेवायला बसवा. मटन वाडत राहा!"

मला बाल्कनीत उभं राहायची शिक्षा झाली. काचेतून मी पाहत होतो. तिनं कपाटातली तयार गोंदाची दुसरी बाटली काढली, माझा गोंद खरवडला, सांधे भरले, एकेक तुकडा बसवला आणि हलक्या हातानं नुसता धरून ठेवला. इतकं हलकं धरूनही वस्तू जोडली जाते हे मला अजून खरं वाटत नाही. उन्हं उतरल्यावर वेणूआत्यांनी पुतळ्याच्या गालावरून हात फिरवला, कानाजवळ वाकून काहीतरी पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "हां. हा माजा बापूस."

कार्यक्रम थाटात झाला. कादंबरीला शाल मिळाली. मला पाहुण्यांपासून लांब बसवलं होतं.

सोमवारी ऑफिसात हजेरीच्या मशीनवर अंगठा टेकवला. कातडी सोलून निघालेली! मशीन म्हणालं, 'ओळख पटली नाही.' तर्जनी टेकवली. 'ओळख पटली नाही.' साहेबांनी विचारलं, "दीपेश, हे काय?"

"घरगुती," मी म्हणालो, आणि माझी रजा लागली.

मी मशीनसमोर जिवंत उभा, आणि ते म्हणतंय हा माणूस आमचा नाही! आठवडाभर घरीही साधारण तेच मत होतं.