गुडघ्यातला मगज

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पुढे केलेलं पेन कुसाबाईने हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत टेबलावर ठेवून दिलं. सही करणार नाही म्हणाली. शेजारी काठी धरून बसलेल्या कारभारीने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पेन परत तिच्यापुढे सरकवलं.

कारभारी लासलगावला कांद्याचा लिलाव पुकारायचा. व्यापाऱ्यांचा घोळका घेऊन ट्रॅक्टरच्या रांगेतून फिरायचं, ट्रॉलीवर चढायचं आणि खणखणीत आवाजात भाव वाढवत न्यायचा, यात त्याची हयात गेली होती. पावसाळ्यात ट्रॉलीच्या मागच्या ओल्या फाळक्यावरून त्याचा पाय घसरला आणि गुडघ्यातली गादी फाटली. आवाज शाबूत होता, पण ट्रॉलीवर चढणार कोण? त्याच्या जागी सध्या नाथा पुकारत होता. नाथा सज्जन माणूस, पण बारशाचं नाव बाळाच्या कानात सांगावं तसा भाव सांगायचा. तरी दिवाळीपर्यंत कारभारी उभा राहिला नाही, तर जागा नाथाची, हे ठरल्यातच जमा होतं.

दोन हजार आठ साल होतं आणि इलाज नवा होता. डॉक्टर तरुण, समजावून सांगायची हौस दांडगी. आधी ते ‘अस्थिमज्जा’ म्हणाले, मग ‘बोन मॅरो’, मग ‘स्टेम सेल’. समोर दोन्ही चेहरे कोरेच. शेवटी त्यांना सोपा शब्द सापडला.

“मगज हो, मगज. तुमचाच मगज काढायचा आणि गुडघ्यात सोडायचा. गुण येईलच अशी हमी देत नाही, पण आशा चांगली आहे.”

मगज कमरेच्या हाडातून काढणार, हेही ते पुढे बोलले. पण ‘मगज’ ऐकल्यावर कुसाबाईने पुढचं काही कानात शिरू दिलं नव्हतं.

कारभारीला मात्र सगळं लख्ख कळलं. मटणाच्या नळीत जो असतो तोच हा मगज. अडचण एवढीच, की कुसाबाई लहानपणापासून माळकरी. लग्नातच तिने नवऱ्याकडून मटण सोडण्याचं वचन घेतलं होतं आणि कारभारीने ते घरापुरतं पाळलंही होतं. मार्केटच्या सुट्टीला तो हमालांच्या बैठकीला म्हणून जायचा आणि विंचूर रोडच्या ढाब्यावर ताटात नळी आपटत बसायचा.

“मगज हाडात बी असतो,” दवाखान्याच्या पायरीवर तो जपून म्हणाला.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

कारभारीने काठी उचलली आणि एसटीची वेळ झाली म्हणून चालायला लागला.

कुसाबाईने मन मोकळं करायचं म्हणून शेजारच्या भागीबाईला सांगितलं, कोणाला सांगू नको म्हणून बजावलं, आणि दिवेलागणीच्या आत गल्लीभर झालं की नाशिकचे डॉक्टर कारभारीचा मेंदू गुडघ्यात बसवणार. लोक बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येऊ लागले. जो येई तो आधी विचारी, मला ओळखलं का? चुलते पुंजाबाबा तर एकोणीसचा पाढा म्हणून घ्यायला बसले. कारभारी वैतागून मध्येच थांबला, त्यावरून मगज आत्ताच हलायला लागल्याचं त्यांनी बाहेर जाहीर केलं. नाथाही आला आणि कळवळून म्हणाला की आप्पा, आहे तो डोक्यातच राहू द्या, गुडघ्यात अक्कल म्हणून लोक नावं ठेवतील.

पुढच्या आठवड्यात कारभारी काठी टेकत मार्केटात गेला. नाथा ट्रॉलीवर उभा राहून तोंडातल्या तोंडात पुकारत होता, आणि मागचे शेतकरी “काय म्हणून राहिला?” असं एकमेकांना विचारत होते. खाली उभ्या कारभारीला अगदी रडू फुटलं. आपली जागा डोळ्यांदेखत चालली होती, आणि तीही एका नळीपायी.

घरी येऊन तो जेवायला बसला आणि ताट सरकवून म्हणाला, “मगज हाडात असतो. मी खाल्लाय.”

कुसाबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

“म्हणजे डोक्यातला नाय काढणार?”

“नाय.”

“मग आधी बोलायचं व्हतं ना. मी इथं रडून राहिले, आपला माणूस आपल्याला वळखल का नाय म्हणून.”

तिने डोळे पुसले, त्याचं ताट आणि तांब्या वेगळा केला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने नाशिकला जाऊन सही ठोकली.

इंजेक्शन दुखलं. नंतर विश्रांती झाली, व्यायाम झाला, आणि हळूहळू सूज उतरली. आधी काठी ओट्यापुरती सुटली, मग गल्लीपुरती. बाकी गावातला बोभाटा तसाच होता. आता तरी भागीबाईला खरं सांग, असं कारभारीने बायकोला विनवलं.

“काय सांगू? माळकरणीचा नवरा नळ्या फोडतो म्हणून? त्यापरीस मगज गुडघ्यात हाय, तेच बरं हाय.”

दिवाळीच्या तोंडावर कारभारी नाथाच्या खांद्याला धरून ट्रॉलीवर चढला. गुडघ्याने साथ दिली. खाली उभ्या लोकांच्या डोळ्यांत मात्र शंका होती. पहिल्याच ट्रॉलीला दोन व्यापाऱ्यांनी एकदमच एकच भाव बोलला. एरवी अशा वेळी आधी कोण बोललं यावर अर्धा तास हुज्जत व्हायची. कारभारीने एकाच्या नावावर माल सोडला. दुसऱ्याने तोंड उघडलं, तसं शेजाऱ्याने त्याला मागे ओढलं.

“जाऊ द्या शेट. त्यांचा मगज खाली हाय, त्यांच्याशी काय वाद घालता.”

शेट मुकाट्याने पुढच्या ट्रॉलीकडे वळले. त्या दिवशी कोणीच वाद घातला नाही. संध्याकाळपर्यंत रेंगाळणारी रांग दुपारीच संपली, शेतकरी दिवस कलायच्या आत घराकडे लागले, आणि पुकारायला कारभारीच हवा, असं व्यापाऱ्यांनीच बोलून टाकलं.

कारभारी फाळक्यावरून बेताने उतरला. नाथाने त्याला हात दिला, आजूबाजूला पाहिलं आणि नेहमीच्याच दबक्या आवाजात विचारलं, “आप्पा, गुडघे धड असले तरी देतात का हो ते इंजेक्शन?”