पायाभूत कमतरता

"अहो, तुमच्या पायाला झालंय काय?"

मिस्त्री दारात चपला काढत होते. भुवयांवर लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल. त्यांनी आधी डाव्या पायाकडे पाहिलं, मग उजव्या. दोन्ही जागच्या जागी होते.

"काही नाही. का?"

"काही नाही कसं? कॉलेजने कळवलंय आणि तुम्ही घरी सांगत नाही!" बायकोच्या हातात फोडलेलं पाकीट होतं. तिने आतलं पत्र डोळ्यांजवळ नेलं आणि डेपोत गाड्यांच्या वेळा सांगायच्या आवाजात वाचलं, "'आपणामध्ये पायाभूत कमतरता आढळून आल्याने आपणास तीन महिन्यांसाठी उपचारात्मक वर्गात दाखल करून घेण्यात येत आहे. हयगय केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः जबाबदार राहाल.'" तिने पत्र त्यांच्यापुढे धरलं. "तीन महिने! दाखल!"

बायको बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसत असे. बावीस वर्षं लोकांच्या अर्ध्या प्रश्नांना पूर्ण उत्तरं देऊन तिला सवयच लागली होती, की दोन शब्द कानावर पडले की पुढचा मार्ग तिचा ती ठरवून टाकी. इथे तर तिला 'पाय', 'उपचार' आणि 'दाखल' असे तीन शब्द आयते मिळाले होते. तिने सुतावरून स्वर्ग गाठला नसता तरच नवल.

मिस्त्रींना मात्र पहिल्याच ओळीत खरं काय ते कळलं. ते नापास झाले होते.

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, सुतारांचं रोजचं बारीक माप. मिस्त्रींच्या कामात सूतभर फरक आजवर कुणाला सापडला नव्हता, म्हणून सगळे त्यांना 'सूतभर मिस्त्री' म्हणत. नववीत असताना वडील गेले आणि त्यांनी दप्तर ठेवून रंधा हातात घेतला. पुढे चाळिशी उलटल्यावर बायकोने रोज डोकं खाऊन त्यांना बाहेरून बारावी करायला लावलं, गणिताला वळसा घालून का होईना. आणि या वर्षी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तिनेच अर्ज भरून त्यांना कॉलेजच्या संध्याकाळच्या पदविकेला बसवलं. सुरुवातीला सगळ्या नव्या मुलांची पायाभूत कौशल्यांची चाचणी होती. भाषा आणि दशांशाच्या बेरजा-वजाबाक्या. मापाचं गणित म्हटल्यावर मिस्त्री हसत हसत गेले. भाषेत ते काठावर पार पडले. दशांशात वीसपैकी शून्य.

आता तीन महिने उपचारात्मक वर्ग, मग पुन्हा चाचणी, आणि तीही गेली की नाव कमी. लोक ज्याचं आडनाव विसरले पण माप विसरले नाहीत, त्या माणसाने मापात भोपळा मिळवल्याचं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि तेही जिने अर्ज भरला तिला? त्यापेक्षा पाय परवडला.

"जरासा दुखतो खरा," मिस्त्री म्हणाले आणि एका पायाने लंगडत आत गेले.

दुसऱ्या दिवशी ही बातमी सकाळच्या पहिल्या गाडीने निघाली आणि दुपारपर्यंत सगळ्या मार्गांवर पोहोचली. संध्याकाळी मेहुणा आला. तो त्याच डेपोत कंडक्टर होता. त्याने एक काठी आणली होती.

"दाजी, आजपासून हिच्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

मिस्त्रींनी काठी टेकवून पाहिली. "तीन सूत आखूड आहे."

"बघ ताई!" मेहुणा हळहळला. "पायाची ही दशा, आणि माणूस अजून माप सोडत नाही."

मग तर विचारूच नका. मिस्त्रींच्या सुतारकामाच्या कारखान्यात लोक भेटायला येऊ लागले. समोरचा कुलूपवाला फळ्या उचलून देऊ लागला. एका गिऱ्हाइकाने तर मिस्त्रींना खुर्चीतून उठूच दिलं नाही, आणि ती खुर्ची त्याने स्वतःच दुरुस्तीला आणलेली होती. बायको संध्याकाळी गरम पाण्याचं घमेलं पुढे ठेवी आणि न बोलता पाय शेकत बसे. लोक आपल्यासाठी एवढं करतात हे मिस्त्रींना ठाऊकच नव्हतं. त्यांना भरून येई, लाजही वाटे, आणि या दोहोंच्या गोंधळात कधी कधी कोणत्या पायाने लंगडायचं तेच लक्षात राहत नसे.

आठवड्यातून तीन संध्याकाळी ते 'उपचारा'ला जात. कॉलेजच्या फाटकापर्यंत लंगडत, पुढे सरळ. वर्गात अठरा-अठरा वर्षांची पोरं, त्यांना काका म्हणणारी. वर्ग घेणाऱ्या मॅडम ठेंगण्या होत्या. फळ्याच्या वरच्या भागात लिहायला त्या रिकाम्या खोक्यावर चढत आणि चढतानाही बेरीज सांगणं थांबवत नसत. पंधरा दिवस झाले तरी मिस्त्रींचं घोडं तिथेच पेंड खात होतं. दर वहीवर लाल फुल्या. एकदा वर्ग सुटल्यावर मॅडमनी त्यांना थांबवून घेतलं. आता नाव कमी करणार, मिस्त्रींनी मनाची तयारी केली.

"काका, २.५ आणि १.५ किती?"

"चार टिंब दोन."

"१.६ आणि १.४?"

"तीन टिंब दोन."

मॅडम वहीची पानं पुढे-मागे करत राहिल्या. "मुलं चुकतात ती कशीही चुकतात. तुम्ही तसे चुकत नाही. हातचा नसला की तुमचं बरोबर येतं, हातचा आला की चूक, आणि चूक नेमकी दोनाची. चाचणीतली सगळी गणितं हातच्याचीच होती. मला एक सांगा, तुम्ही हातचा कितीला घेता?"

"आठाला," मिस्त्री म्हणाले. हे काय विचारणं झालं? "आठ सुतांचा इंच. आधी इंच लिहायचा, टिंब द्यायचं, पुढे सूत. दोन इंच पाच सूत आणि एक इंच पाच सूत, झाले चार इंच दोन सूत."

मॅडमनी पेन खाली ठेवला आणि त्या इतक्या मनापासून हसल्या की मिस्त्री घाबरले. मग त्यांनी ती जुनी उत्तरपत्रिका कपाटातून काढली आणि एकेक गणित पुन्हा तपासलं. आठाच्या हिशेबाने. फुलीशेजारी बरोबरची खूण, फुलीशेजारी बरोबरची खूण. शेवटी वर लिहिलं, वीसपैकी वीस.

"काका, तुमच्यात कमतरता नाही. तुमचं टिंब सुतारकामाचं आहे, आमचं दहाचं, एवढंच. तेवढं दहाचं शिकून घ्या, बाकी तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही."

लोकांनी मिस्त्रींचं काम वाखाणलं होतं, पण त्यांची चूक इतक्या आदराने कुणी पाहिली नव्हती. त्यांनी बाहीने डोळे पुसले, तर बाहीवरचा भुसा आत जाऊन ते जास्तच वाहू लागले. त्या दिवसापासून त्यांचं आणि मॅडमचं सूत जमलं.

सहा आठवडे झाले तरी पाय बरा होईना म्हणून इकडे बायकोने भावाला बोलावलं आणि न सांगता कॉलेज गाठलं. मेहुण्याने डेपोतली चाकांची खुर्ची बरोबर आणली होती, न जाणो. खोलीच्या दारावरच्या पाटीवर मॅडमच्या नावामागे 'डॉ.' होतं. बायकोचा उरलासुरला संशय फिटला. मॅडम दारातच वह्या तपासत उभ्या होत्या.

"डॉक्टरबाई, मी मिस्त्रींची बायको. काय ते स्पष्ट सांगा. बरे होतील ना?"

मॅडमना वाटलं, बाईंची बोलायची पद्धत असेल. "अहो, झालेच म्हणा. दुखणं काय, नुसतं टिंबाचं होतं."

"टिंबाचं?" बायकोने भावाचा हात घट्ट धरला. "म्हणजे... पसरलंय का ते?"

"आधी सगळीकडे होतं. आता कुठेतरी एखादं."

"मग कापावं लागेल?"

"कापण्यात त्यांचा हात कोण धरणार! ते बेरजेत गडबडतात."

मेहुण्याला गरगरलं आणि तो चाकांच्या खुर्चीत बसला. बायकोने डोळ्यांना पदर लावत आत पाहिलं, तर तिचा नवरा टेबलावर मांडलेल्या खोक्यावर एका पायावर उभा होता. दुसरा पाय हवेत, तोंडात स्क्रू, आणि हातात खिडकीची निखळलेली झडप. खाली चार पोरं खोकं धरून होती.

"अहो!"

तोंडातले स्क्रू टेबलावर पडले. मिस्त्री खाली उतरले आणि सवयीने लंगडू लागले, पण दोन पावलांत थांबले. मग त्यांनी मॅडमसमोर, मेहुण्यासमोर आणि चार पोरांसमोर सगळं सांगून टाकलं. शून्यही सांगितलं.

"पाय गेला असता तरी चाललं असतं," बायको म्हणाली. "पण माझ्यापासून लपवलंत?"

"तू एवढ्या हौसेने अर्ज भरलास. आणि मी भोपळा घेऊन..."

"माझ्या खिडकीशी रोज माणसं येतात, गाडी चुकली म्हणून रडतात आणि घरी जातात. तुमची तीस वर्षांपूर्वी चुकली आणि तुम्ही पुन्हा स्टँडवर आलात. शून्य काय, उणे दहा मिळाले असते तरी मी जेवूनच झोपले असते." मग तिला आठवलं. "आणि काय हो, सोमवारी डाव्या पायाने लंगडत होतात, मंगळवारी उजव्या. मला वाटलं दोन्ही चालले! मी रात्ररात्र झोपले नाही."

मिस्त्रींनी मान खाली घातली. एवढी काळजी करणारं माणूस घरात असताना आपण शून्याला घाबरलो, याचं त्यांना फार वाईट वाटलं, आणि फार बरंही. मेहुणा उठून आपली काठी परत मागायला लागला, तेव्हा पोरं हसली आणि बायकोही हसली.

पुढच्या चाचणीत मिस्त्रींना वीसपैकी वीस मिळाले, या वेळी दहाच्या हिशेबाने. नाव कायम झालं. त्याच रात्री त्यांनी कपाटामागून जपून ठेवलेली सागवानाची फळी काढली. मॅडमना खडू ठेवायला पेटी करायची. पांढऱ्या आणि रंगीत खडूंना दोन सारखे कप्पे, वर सरकतं झाकण. चार दिवस ते तिच्यावर हात फिरवत होते. पाचव्या दिवशी नवरा-बायको पेटी घेऊन कॉलेजात गेले.

"मॅडम, मी आजपर्यंत कुणाला गुरू म्हटलं नाही. हत्यारं वडिलांची आणि बाकी ठेचा खाऊन शिकलो. तुम्हाला म्हणतो. नाही म्हणू नका," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी झाकण सरकवलं.

झाकण एका टोकाला नीट बसलं. दुसऱ्या टोकाला फट राहिली. मिस्त्रींच्या कपाळाला घाम फुटला. त्यांनी खिशातून टेप काढला, मोजलं, पुन्हा मोजलं. दोन सूत आखूड! आयुष्यात पहिल्यांदा.

"असं कसं होईल? प्रत्येक कप्पा चार टिंब सहा. दोन कप्प्यांचे झाले नऊ टिंब..." ते बोलता बोलता थांबले. "दोन."

"आणि सुतात?" मॅडमनी हळूच विचारलं.

"नऊ टिंब चार," मिस्त्री पुटपुटले. "द्या इकडे. उद्या नवं झाकण करून आणतो."

मॅडमनी पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "हात लावायचा नाही काका. वीस वर्षं हा वर्ग घेतेय. मुलं पास होतात, निघून जातात, पण औषध लागू पडलं की नाही ते मला कधीच कळलं नव्हतं. ही फट अशीच राहू दे."

मिस्त्रींनी वाकून नमस्कार केला. वर पाहिलं तर मॅडमचेही डोळे भरले होते, म्हणून ते घाईने वळले आणि व्हरांड्यातून निघाले. मन इतकं भरून आलं होतं की कुठे पाऊल पडतंय त्याचं भान नव्हतं.

मागून बायकोची हाक आली, सगळ्या कॉलेजला ऐकू जाईल अशी, डेपोच्या आवाजात.

"अहो, लंगडताय काय? बरे झालात तुम्ही!"