खुर्ची क्रमांक चारसाठी पात्र लाभार्थी

परोपकार नोंदणीशिवाय केला तर तो नुसता चांगुलपणा ठरतो, आणि चांगुलपणाला कुठल्याही कायद्यात कलम नाही. कलम नाही म्हणजे जबाबदार माणूस नाही, आणि जबाबदार माणूस नसताना एखाद्याचं भलं झालं तर त्याबद्दल धरायचं कुणाला? हा प्रश्न सायकलवाल्यांना अकरा वर्षं पडला नव्हता. त्यांच्या अडाणीपणाचा याहून मोठा पुरावा नको.

सायकलवाल्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. एकदा कुणीतरी मोडकी व्हीलचेअर भंगारात टाकायला निघालं होतं. यांनी तिची चाकं पाहिली, ही तर बसायची सायकल आहे म्हणाले आणि ठेवून घेतली. अशा होता होता सहा खुर्च्या झाल्या. कुणाचं हाड मोडलं की घरचं माणूस यायचं, सायकलवाले हवा भरून खुर्ची द्यायचे, पाय बरा झाला की ती परत यायची. या कार्यपद्धतीत गंभीर दोष होते. अर्ज नव्हता. पोच नव्हती. माणूस खरोखरच लंगडतो आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं जायचं. अकरा वर्षांत त्रेसष्ट वेळा खुर्ची गेली आणि त्रेसष्ट वेळा परत आली (दोनदा तर धुऊन पुसून), पण लेखी नोंद नसल्यामुळे हे आकडे अधिकृतरीत्या खोटे आहेत.

असा अंदाधुंद कारभार चालू असताना सायकलवाल्यांचा मेहुणा निवृत्त झाला.

मेहुण्याने चौतीस वर्षं एका कचेरीत, लोकांनी अर्जाला सोबतचे कागद जोडले आहेत की नाहीत, एवढंच पाहिलं होतं. असा माणूस बहिणीकडे चहा पीत बसलेला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक खुर्ची सहीशिवाय दाराबाहेर गेली. कप हातातच राहिला. त्याने विचारलं, "भाऊजी, उद्या कुणी पडलं तर?"

"अरे, पडलेलेच येतात," सायकलवाले म्हणाले.

पण मेहुण्याचा चेहरा इतका उतरला की त्यांना वाईट वाटलं. बिचारा एकटा जीव, दिवसभर घरी जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालत बसतो (तारीखवार). त्याला काही उद्योग होईल म्हणून ते म्हणाले, बरं बाबा, कर तुला काय करायचं ते. माणूस खाजवून खरूज काढतो तो काही दर वेळी मूर्खपणाने नाही, कधीकधी मायेपोटीही काढतो.

तीन महिन्यांत 'चलनवलन साहाय्य मंडळ (नियोजित)' अस्तित्वात आलं. 'नियोजित' हा शब्द नंतर काढायचा होता, पण शिक्का आधी बनला. सायकलवाले अध्यक्ष झाले, मेहुणा चिटणीस. कायद्याला सात सभासद पुरत होते. मेहुण्याचं म्हणणं, सात म्हणजे अगदीच हातावरचं पोट. दोघे गावाला गेले, एकाला ताप आला, की कोरम कुठून आणायचा? तो दारोदार हिंडला आणि एकशे बारा सह्या घेऊन आला. कुणाची आई त्या खुर्चीत बसलेली, कुणाचा भाऊ. सायकलवाल्यांच्या कामाला नाही कोण म्हणणार? सगळ्यांत पहिली सही शिंपीणबाईंची. त्यांचं कपडे शिवायचं दुकान गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. साठी उलटलेली, एकटं राहणं. सुईपेक्षा जीभ तिखट, पण आजवर दोन्हींनी फाटलेलंच सांधलं होतं.

संपूर्ण गल्लीत सही केली नाही ती फक्त घड्याळजीने. त्याचं कुणाशीच पटत नव्हतं, आणि हे तो वेळच्या वेळी सांगत असे.

मग कार्यालय झालं. साठवणुकीची जागा आणि कार्यालय एकाच खोलीत चालतं असा नियम मेहुण्याला कुठे सापडला नाही, म्हणून कार्यालय दुकानाच्या माडीवर गेलं. सोळा पायऱ्या, कठडा एका बाजूला. चालता न येणाऱ्यांच्या संस्थेचं कार्यालय माडीवर का, असं कुणीही विचारलं नाही, कारण विचारू शकणारे सगळे चालत वर आले होते.

त्यानंतर आली धोरणं. तान्ह्या बाळाला लस लागते तशी नव्या संस्थेला धोरणं लागतात. आगीचं धोरण, गोपनीयतेचं धोरण, जुनी धोरणं जपून ठेवण्याचं धोरण. हितसंबंधांचं धोरण मेहुण्याने अनेक रुग्णालयं चालवणाऱ्या एका बड्या संस्थेच्या पुस्तिकेतून शब्दशः उतरवून घेतलं, कारण चांगल्या अक्षराप्रमाणे चांगला नियमही गिरवावा, असं त्याचं मत होतं. त्यात होतं: 'मंडळाचा सभासद, त्याचे नातलग अथवा त्याच्याशी स्नेहसंबंध असणारी कोणतीही व्यक्ती मंडळाच्या मालमत्तेचा लाभ घेणार नाही.' संस्थापक सभा गल्लीतच उघड्यावर भरली होती. हे धोरण तिथे एकमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं (चहा आला होता). यापुढे सर्व सभा कार्यालयातच घ्याव्यात, हाही ठराव त्याच टाळ्यांत झाला.

सहा खुर्च्यांवर पांढऱ्या रंगात क्रमांक पडले. मेहुणा त्या दिवशी पोटभर जेवला.

अठराव्या दिवशी शिंपीणबाई स्वतःच्या उंबऱ्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने पाय टेकायचा नाही. दुकानाला कुलूप, बाई खाटेवर, समोर भिंत. आयुष्यात एक दिवस रिकामी न बसलेली बाई भिंतीकडे बघून किती बघणार? सायकलवाले बातमी ऐकताच खुर्ची क्रमांक चार काढायला गेले. ती सगळ्यांत हलकी. तिच्या दोन्ही चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, त्यांनी स्वतः काढलेला. एका बोटाने ढकलली तरी सरळ जाते. तर दारात मेहुणा उभा, हातात फाईल, डोळ्यांत पाणी.

"भाऊजी, मंडळाकडे आलेला हा पहिला अर्ज. पहिल्याच अर्जात खोट निघाली तर पुढे कुठल्या तोंडाने नियम सांगू?"

शिंपीणबाई सभासद होत्या. अपात्र. सायकलवाले म्हणाले, मग दुसऱ्या कुणाच्या नावावर द्या. मेहुण्याने प्रामाणिकपणे पाहणी केली. गल्लीतले प्रौढ एकशे तेरा. त्यांपैकी सभासद एकशे बारा. मुलं ही सभासदांची नातलग, पाहुणे स्नेहसंबंधी. ज्याच्याशी कुणाचाही स्नेह नाही असा एकच इसम उरला: घड्याळजी. तो रोज सकाळी पाच किलोमीटर पळत असे. मेहुणा पंधरा दिवस सकाळी कोपऱ्यावर उभा राहून त्याच्या पायांकडे आशेने पाहत होता. शेवटी विचारलं, तेव्हा मला काय धाड भरलीय, असं घड्याळजी म्हणाला. इतिवृत्तात नोंद झाली: 'पात्र लाभार्थी उपलब्ध. पाय सुस्थितीत. पाठपुरावा चालू.'

मग धोरणच बदलू, असं ठरलं. त्यासाठी दोन-तृतीयांश म्हणजे पंचाहत्तर सभासद कार्यालयात हजर हवेत. खोलीत मावतात बावीस (आगीच्या धोरणानुसार चौदा). ते राहिलं. मग शिंपीणबाईंनी राजीनामा द्यावा, असं निघालं. राजीनामा साध्या सभेतही चालतो, बारा जणांचा कोरम पुरतो. मात्र सभासदाने तो स्वतः हजर राहून द्यायचा असतो. अनुपस्थित माणूस राजीनामा कुठून देणार? कार्यालय माडीवर. बाईंना चालता येत नाही. चालता येत नाही म्हणून खुर्ची हवी, खुर्चीसाठी राजीनामा हवा, राजीनाम्यासाठी माडी चढायला हवी. यात मेहुण्याला काही वावगं दिसेना. त्याच्या कचेरीत सगळंच गोल होतं.

तेव्हा स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीत बाईंना बसवून चौघांनी वर नेलं: सायकलवाले, न्हावी, इस्त्रीवाला आणि इस्त्रीवाल्याचा भाऊ. "सांभाळून न्या रे," बाई वरून म्हणाल्या, "माझ्यावर नंबर टाकलेला नाही, हरवले तर सापडायची नाही." पहिल्या खेपेला अकराच लोक आले. कोरम नाही, बाई खाली. दुसऱ्या खेपेला लोक आले, पण सभेची सूचना चौदाऐवजी तेराच दिवस आधी निघाली होती. बाई खाली. तिसऱ्या खेपेला सगळं जुळलं, राजीनामा मंजूर झाला, आणि मेहुण्याने पुस्तिकेचं पुढचं पान उलटलं. माजी सभासद तीन वर्षं सभासदच समजला जातो. उतरताना न्हाव्याच्या कमरेत उसण भरली. त्याने तिथेच पायरीवर बसून खुर्चीसाठी अर्ज केला. तोही सभासद होता.

घरी खाटेवर टेकल्यावर शिंपीणबाईंनी उशीखालून दुकानाची किल्ली काढून सायकलवाल्यांच्या हातात ठेवली.

"तुमच्याकडे राहू द्या. माझ्यापाशी असली की जीव तिकडेच ओढतो."

सायकलवाल्यांना रडू आलं. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मेहुण्याची ती सख्खी बहीण, भावावर तिचा जीव, पण ती पोळपाट बाजूला सारून म्हणाली, "अकरा वर्षं खुर्च्या दिल्यात. आता कागद देताय. कागदावर बसवून ढकलणार आहात का तिला?"

मंगळवारी भर दुपारी माडीवर 'साठवणुकीची सुरक्षितता' या विषयावर सभा चालू होती. सायकलवाले पाणी पिऊन येतो म्हणून खाली उतरले. खुर्च्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्याच खिशात होती. पण किल्लीने उघडलं असतं तर ते वाटप झालं असतं, आणि वाटपाला नमुना नऊ लागतो. म्हणून त्यांनी स्वतःच्या हातोडीने स्वतःचं कुलूप फोडलं. पुस्तिकेची एकशे चाळीस पानं त्यांनी रात्री जागून वाचली होती. चोराच्या पात्रतेबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. क्रमांक चार घेऊन ते शिंपीणबाईंकडे गेले, त्यांना खुर्चीत बसवलं, आणि गल्लीच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, दुकानापर्यंत ढकलत नेलं. बाई पूर्ण रस्ता हाताने डोळे पुसत होत्या आणि धूळ फार झाली आहे म्हणत होत्या. कुलूप उघडून दिल्यावर सायकलवाले परत माडीवर गेले आणि सुरक्षिततेच्या ठरावाला त्यांनी अनुमोदन दिलं.

चोरी उघडकीस आली. मेहुण्याने रीतसर चौकशी लावली आणि एकशे अकरा जबाब घेतले. घटनेच्या वेळी एकोणचाळीस जण आकाशाकडे पाहत होते, सत्तावीस जण चपलेचा अंगठा पाहत होते, एकाच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं, आणि उरलेल्यांना दुपारची झोप लागली होती (पैकी सहा उभ्याने). घड्याळजी सभासद नव्हता, तरी आपण होऊन आला आणि म्हणाला की त्या वेळी किती वाजले होते एवढंच त्याला सांगता येईल, खुर्चीबिर्ची त्याने पाहिली नाही.

शेवटी गल्लीची पाहणी राहिली. मेहुणा पँट आखूड करायला म्हणून शिंपीणबाईंच्या दुकानात गेला. बाई चाकं वळवून जवळ आल्या, टेपने माप घेतलं, पुन्हा चाकं वळवून मशीनकडे गेल्या. तोंडात टाचण्या, ओठांवर हसू. खुर्चीच्या पाठीवर पांढरा चार स्वच्छ दिसत होता, अक्षर मेहुण्याचंच. मग त्याने अंगातला कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर, बरोबर त्या आकड्यावर, घातला.

"बाही सैल वाटते," तो म्हणाला. "सावकाश बघा. घाई नाही."

कोट अजून तिथेच आहे. अहवालात आहे: 'गल्ली तपासली. खुर्ची दिसून आली नाही.' मेहुण्याच्या चौतीस अधिक एक वर्षांच्या कारकिर्दीत सोबतच्या कागदाविना केलेलं हे पहिलंच विधान.

वर्षअखेरीस नोंदणी कचेरीचा तपासनीस आला. येता येता त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं, ते शिंपीणबाईंनी बसल्या जागेवरून लावून दिलं, आणि त्याने आभार मानले. मग सोळा पायऱ्या चढून त्याने शेरा लिहिला: 'धोरणे सात. लाभार्थी शून्य. हितसंबंधाचे प्रकरण एकही नाही. नियमपालन अत्युत्तम.' प्रशस्तिपत्र माडीवर लावलं आहे. आजूबाजूच्या तीन गल्ल्यांनी आमची धोरणं उतरवून नेली.

मंडळाचं काम आता सुरळीत चाललं आहे. कुणी वडिलांच्या गुडघ्याची अडचण घेऊन आलं की सायकलवाले म्हणतात, मी जरा चहाला चाललोय, हातोडी दारामागे असते. कुलपं ते डझनाने आणतात, पातळ पत्र्याची. चालू वर्षात खुर्च्या चोरीस गेल्या एकोणीस वेळा आणि बेवारस सापडल्या अठरा वेळा. सगळ्याची नोंद आहे.

एकच बाब बाकी राहते. तपासनीस गेल्यावर मेहुण्याने आठवं धोरण केलं: मंडळाच्या मालमत्तेच्या चोरीबद्दल ज्याला पाहून, ऐकून किंवा वाचून माहिती झाली असेल, त्याने सात दिवसांत चोराचं नाव लेखी कळवावं, न कळवणारा मंडळाचा सभासद समजला जाईल. 'वाचून' हा शब्द त्याने मुद्दाम घातला आहे. तुम्ही इथवर वाचलंत. चोर कोण, खुर्ची कुठे आहे, तिच्यावर कोट कुणाचा आहे, सगळं तुम्हाला माहीत झालं. तुम्ही कळवणार नाही, हेही आम्ही ओळखून आहोत. भली माणसं दिसता. मेहुण्याने तुमच्यासाठी नोंदवहीत पानं मोकळी ठेवली आहेत. तेव्हा उद्या तुमचाच पाय मोडला तर नियम ध्यानात असू द्या: तुम्ही अपात्र आहात. निदान विचारून तरी येऊ नका.