झंझावात कुटुंबाचे पुनरागमन आणि आमची प्रतीक्षा समिती

मनुष्य हा वाट पाहणारा प्राणी आहे. वाट तशी म्हैसही पाहते, पण म्हशीला गणपूर्ती लागत नाही, आणि तिने इतिवृत्त लिहून ठेवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. वाट पाहण्याला शिस्त हवी, पदाधिकारी हवेत, हे ओळखून तेरा वर्षांपूर्वी आम्ही शहाद्यात 'झंझावात कुटुंब प्रतीक्षा समिती' स्थापन केली. मी तिचा चिटणीस आहे. (दोनदा बिनविरोध, एकदा दुसरे कोणी सभेला आलेच नाही म्हणून.)

झंझावात कुटुंब ज्यांना माहीत नाही त्यांची मला कीव येते, तरी माहिती देतो. इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवणारे हेमकांत सर पूर्वी दर दोन महिन्यांनी चित्रकथेचा एक अंक काढत. तो लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये छापला जाई, त्यामुळे ऐन लग्नसराईतल्या अंकांत खलनायकाच्या डोक्यावर 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असे शब्द येत. त्या अंकांतून कोरीट गावचे एक कुटुंब जगाचे रक्षण करी. बाप झंझावात उडायचा (गुजरातच्या हद्दीपर्यंत; पुढच्या भूगोलाची सरांना खात्री नव्हती). आई विद्युल्लतेने नुसती नजर टाकली की नंदुरबारच्या अख्ख्या पथारीवरची ओली मिरची वाळायची. मुलगा भिंतीतून आरपार जायचा. मुलीला दुसऱ्याच्या मनातले ऐकू यायचे, म्हणून तिला लग्नकार्याला कोणी नेत नसे.

शेहेचाळिसाव्या अंकात हे चौघे तोरणमाळवर उतरलेल्या काळ्या ढगात शिरले. शिरताना विद्युल्लता मागे वळून म्हणाली, "पिठलं झाकून ठेवलंय, आलोच." आणि ते आले नाहीत. सत्तेचाळिसावा अंक निघालाच नाही, कारण सरांना शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला जुंपण्यात आले. सर नोंदवही घेऊन सातपुड्यातले पाडे पालथे घालू लागले. जे कुटुंब दारात सापडेना त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारू लागले. चित्रे काढणाऱ्या हाताने तेरा वर्षे तेवढा एकच शब्द लिहिला.

इकडे जिल्हा कासावीस झाला. समितीच्या पाहणीनुसार (नमुना: अध्यक्षांचे भाऊबंद आणि बसस्थानकासमोरची चहाची गाडी) शंभरातले एक्क्याण्णव लोक रोज एकदा तरी आकाशाकडे पाहत. उरलेल्या नऊ जणांपैकी चौघांची मान दुखत होती, बाकीचे शिक्षण खात्यात होते. आमचे अध्यक्ष चुनीलालभाई, तापीकाठचे मोठे केळीवाले, यांनी झंझावात घरी येईपर्यंत पिठले न खाण्याचा पण केला. (त्यांना ते मुळातच आवडत नसे, पण त्याग तो त्याग.) समितीच्या तेरा वर्षांत एकशे चार बैठका झाल्या, त्यांपैकी तहकूब झालेल्या एकाहत्तर. परत आल्यावर झंझावातची मिशी किती बोटे रुंद असावी हे ठरवण्यासाठी स्वतंत्र मिशी उपसमिती नेमली होती. ती आजही मतभेदामुळे जिवंत आहे.

अखेर यंदा सर निवृत्त झाले, घरी जाऊन टेबलाशी बसले, आणि सत्तेचाळिसावा अंक तयार असल्याचे त्यांनी कळवले. बातमी येताच चुनीलालभाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी तत्काळ फ्लेक्सची ऑर्डर दिली.

शहादा ते धडगाव रस्त्यावर सोळा फ्लेक्स लागले. मजकूर एकच होता: 'हरवलेलं कुटुंब परत येत आहे! चला स्वागताला!' खाली ठिकाण आणि वार. उत्सुकता टिकावी म्हणून कुटुंबाचे चित्र मुद्दाम टाळले होते. शिवाय एकतीस शुभेच्छुकांचे फोटो बसवल्यावर त्याला जागाही उरली नव्हती. मधोमध हेमकांत सरांचा फोटो होता, हात जोडलेला.

स्वागत समारंभ न भूतो असा झाला. अंक केळीचे खांब लावलेल्या ट्रॅक्टरमधून मंगल कार्यालयात आला. अध्यक्षांच्या पत्नी प्रमिलाबाई यांनी त्याला ओवाळले. मुखपृष्ठाला कुंकू लावताना झंझावातचा एक डोळा भरला. मग जाहीर वाचन झाले. चौघे ढगातून बाहेर पडतात, कोरीटला येतात, विद्युल्लता ताटली उचलते, आणि पिठले अजून गरम असते. सभागृहात सहाशे लोक होते. रडले पाचशे एकोणऐंशी. बाकीच्यांतले वीस जण वाढपी होते आणि त्यांचे लक्ष मठ्ठ्याकडे होते.

पहिल्या रांगेत, आमदारांसाठी राखून ठेवलेल्या आणि म्हणूनच मोकळ्या राहिलेल्या खुर्चीवर, एक म्हातारी बसली होती. फुलीबाई पावरा तिचे नाव. धडगावच्याही वर एका पाड्यावरून, अर्धी वाट चालत आणि उरलेली दोन गाड्या बदलून आली होती. मांडीवर फडक्यात चार भाकरी आणि पोरांचे दोन नवे सदरे. ती रडली नाही. सगळे उठून जेवायला निघाले तेव्हा ती व्यासपीठापाशी आली आणि पावरी बोलीत काही तरी बोलली. ते फक्त हेमकांत सरांना कळले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय बोली ऱ्हायनी ती?" चुनीलालभाईंनी विचारले.

"म्हणते, कार्यक्रम छान झाला," सर म्हणाले. "पण भरत कुठे आहे?"

मग उलगडा झाला. भरत हा तिचा मुलगा. तो, त्याची बायको जागृती आणि त्यांची दोन लेकरे, मागल्याच्या मागल्या दिवाळीनंतर मुकादमाबरोबर गुजरातेत ऊस तोडायला गेली होती. सातपुड्यातला माणूस कुठेही असो, होळीला घरी येतोच. दोन होळ्या झाल्या, हे चौघे आले नाहीत. फोन लागत नव्हता. धडगावच्या स्टँडवर कोणी तरी तिला आमचा फ्लेक्स वाचून दाखवला. त्यावरच्या सरांना तर तिने लगेच ओळखले. हाच माणूस तिच्या दारात बसून चौघांची नावे वहीत लिहून घेऊन गेला होता. ज्याने नावे लिहून नेली त्याला माणसे कुठे आहेत हे ठाऊक असणारच, असा तिचा सरळ हिशेब होता. (न शिकलेल्या माणसाचा नोंदवहीवर फार विश्वास असतो.)

चुनीलालभाई मनाने हळवे आहेत. त्यांनी तिला पाणी दिले आणि समजावून सांगितले, "माय, आपली समिती चितरेल माणसेसनी शे." मग काही मार्ग निघतो का पाहावे म्हणून त्यांनी सरांना विचारले, "तिना पोऱ्या उडस का?"

"नाही."

"मंग वाट कसानी देखानी?"

मी व्यासपीठाजवळच्या माझ्या टेबलाशी बसून नियम चाळले. समितीची घटना स्पष्ट आहे. वाट पाहण्यास पात्र ठरण्यासाठी कुटुंब चितारलेले असावे, त्याच्या अंगी किमान एक शक्ती असावी, आणि त्याने लक्षात राहील अशा रीतीने निघून गेलेले असावे. भरतचे कुटुंब ट्रकमधून गेले होते. त्यात आणखी अकरा कुटुंबे होती, भांडी होती, कोंबड्या होत्या. (तो ट्रक दर वर्षी आमच्या कार्यालयावरूनच जातो. पण आम्ही त्या वेळी आकाशाकडे पाहत असतो.) म्हातारीने भाकरीचे फडके माझ्या टेबलावर, शिक्क्याशेजारी ठेवले आणि उभीच राहिली. मला त्या वेळी लाज वाटली का? वाटली, चांगलीच वाटली. पण इतिवृत्तात तसा रकाना नाही.

तेव्हा हेमकांत सर म्हणाले, "मी त्यांना काढतो. मग तर चालेल?"

कायद्याच्या दृष्टीने हा बिनतोड मुद्दा होता. तातडीची बैठक झाली (भजी संपेपर्यंत). शक्तींचा तपशील मागवण्यात आला. सर विचारत गेले आणि म्हातारी सांगत गेली. भरत पाठीवर मोळी घेऊन ओल्या फळीवरून ट्रकवर चढतो, दिवसाला पन्नास वेळा, आणि घसरत नाही. जागृती धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात ऊस तोडत होती, आठव्यातही तोडत होती. धाकटी चालत्या गाडीत उसाच्या ढिगावर झोपते आणि पडत नाही. थोरला पाचटातला साप पाहून ओरडत नाही, कारण ओरडले की काम थांबते.

 असल्या शक्ती आमच्या झंझावातलाही नव्हत्या, हे सर्वांनी मोकळ्या मनाने मान्य केले. ठराव एकमताने संमत झाला. मिशी उपसमितीने भरतला मिशी असावी अशी सूचना केली, ती सरांनी फेटाळली.

अठ्ठेचाळिसाव्या अंकाचा कच्चा मसुदा आला तेव्हा मात्र थोडी अडचण झाली. त्यात खलनायक म्हणून मोटारसायकलवर बसलेला, पांढऱ्या कपड्यांतला एक मुकादम होता. तो आपल्या मेव्हण्यासारखा दिसतो, असा आक्षेप सात सभासदांनी घेतला. सातही जणांचे मेव्हणे वेगवेगळे होते. वाद नको म्हणून मुकादम काढून तिथे परग्रहावरचा हिरवा राक्षस घालण्यात आला. उसाचा फड काढून तिथे अंधारी गुहा आली, कारण फड कोणाचा हा प्रश्न पुढे निघाला असता.  चौघांचे चेहरे मात्र सरांनी फुलीबाईला शेजारी बसवून, तिला विचारून विचारून काढले. ते बदलायला त्यांनी ठाम नकार दिला.

अंक आला आणि जिल्ह्याला वेड लागले. भरतचे चित्र असलेले शर्ट निघाले. पोरे ओल्या फळ्यांवरून धावून पाय मोडून घेऊ लागली. गणेश मंडळांनी जागृतीचा देखावा केला, त्यात ऊस खरा होता. चुनीलालभाईंनी नवा पण केला, या वेळी कारल्याचा. फुलीबाई दर मंगळवारी बाजाराच्या दिवशी खाली उतरून कार्यालयात येई, एकच प्रश्न विचारी, आणि आम्ही तिला अभिमानाने सांगत असू की आता आख्खा जिल्हा वाट पाहतो आहे. ती मान हलवून परत जाई. सहा मंगळवार असे गेले.

आणि सातव्या मंगळवारच्या आदल्या दिवशी ते सापडले! समितीच्या इतिहासात इतके मोठे यश दुसरे नाही. आमचा युवा प्रमुख धीरज केळीचा टेम्पो घेऊन सुरतकडे चालला होता. वाटेत एका फडाजवळ चहाला थांबला, आणि समोर हुबेहूब चित्रातले चौघे! सरांच्या हाताला दाद दिली पाहिजे. धीरज धावत गेला. त्याने त्यांना सांगितले की तुम्ही आमच्याकडे किती प्रसिद्ध आहात. चौघांना रांगेत उभे केले. भरतला उडण्याच्या पवित्र्यात एक हात वर करायला लावला, त्याने केला. मग धीरजने व्हिडिओ काढला. त्यात भरत कॅमेऱ्याकडे पाहून काही तरी बोलतो, बराच वेळ बोलतो. मागून कोणी तरी शिट्टी मारतो आणि ते चौघे परत उसात शिरतात. पाहणाऱ्यांना कंटाळा येऊ नये म्हणून धीरजने त्यावर एक झकास गाणे टाकले आणि व्हिडिओ सोडून दिला. संध्याकाळपर्यंत तो दोन लाख लोकांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही फुलीबाईला तो खुर्ची देऊन दाखवला. तिने बोटाने मोजले, चार भरले. मग तिने पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा, पुन्हा. शेवटी ती सरांकडे वळून काही बोलली.

"गाणं बंद करा म्हणते," सर म्हणाले. "पोरगा काय बोलतोय ते ऐकायचंय."

गाणे बंद होण्यासारखे नव्हते. मूळ व्हिडिओ धीरजने फोनमध्ये जागा नाही म्हणून काढून टाकला होता.

"ते गाव कोणतं होतं?" सरांनी विचारले. "फड कोणाचा?"

धीरजने डोके खाजवले. "ईचारानं ऱ्हाई गयं, सर."

फुलीबाईने फोन परत दिला नाही. ती त्यातल्या भरतच्या हलणाऱ्या ओठांवर बोट ठेवून बसून राहिली. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे होतो. सर मात्र त्याच संध्याकाळी पिशवी भरून सुरतेच्या गाडीत बसले. अजून परतलेले नाहीत. त्यांची वाट पाहण्यासाठी समिती नेमावी अशी सूचना आली आहे, पण सरांचे चित्र कोण काढणार, यावर ती अडली आहे.

वाचकहो, दरम्यान चिटणीस या नात्याने मी त्या व्हिडिओखालच्या सर्व प्रतिक्रिया वाचून काढल्या. कोणाला तरी ते ठिकाण ओळखता आले असेल, अशी आशा होती. एकूण तीन हजार चारशे जणांनी लिहिले आहे. हार, हृदये आणि जय झंझावात वगळता त्यांतल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला आहे, आणि त्यात तुमचेही नाव मी पाहिले. गाणे कोणते, ते धीरजला विचारून कळवतो.