सुधाकरचं बिऱ्हाड

आमच्या शेजारच्या सुधाकरकडे कूलर आहे, पण त्याची हवा माणसाला लागत नाही. भर वैशाखात तुम्ही त्याच्याकडे गेलात तर तो खुर्ची देईल, माठातलं पाणी देईल, पण कूलरचं तोंड तुमच्याकडे फिरवणार नाही. कूलरसमोर एक काळा डबा ठेवलेला असतो. वारा डब्याला, अन् सुधाकर बनियनवर घामानं निथळत बसलेला. मधूनच उठतो, डब्याच्या पाठीवर उलटा हात ठेवतो, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, अन् म्हणतो, "आज कणकण हाय याच्या अंगात."

मी एकदा म्हटलं, "अबे, इकडे मानूस मरून राह्यला, अन् तू पत्र्याले वारा घालून राह्यला?"

"काका, तुमी उठून निंबाखाली जाऊन बसान. थो कुठी जाईन?"

मी उठून निंबाखाली जाऊन बसलो.

हा डबा म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. शिकलेले लोक त्याला कन्सोल म्हणतात, आमच्या गावात सगळे डबाच म्हणतात. मी चौथी शिकलेला माणूस. मला त्यातलं जेवढं समजलं तेवढं सांगतो.

सुधाकर पुण्याला कंपनीत होता. बाप आजारी पडला म्हणून आला. बाप गेला, मग माय गेली, अन् हा इथंच राहिला. चाळिशी उलटली, लग्न नाही. एका खोलीत गहू, एका खोलीत वायरी. अन् या वायरींच्या खोलीत बसून त्यानं एक गेम तयार केला. त्यात एका म्हातारीची वगार, म्हणजे म्हशीची तरणी पारडी, डोंगरात हरवते. चांदी तिचं नाव. आपण म्हातारी होऊन ती हुडकायची. मारामारी नाही, बंदूक नाही. मी म्हटलं, "वगार हुडकाले डबा कायले लागते? आमी जल्मभर हुडकल्या."

पण देशोदेशीच्या लोकांनी या वगारीसाठी वर्गणी दिली. म्हणजे गेम तयार व्हायच्या आधीच. इंटरनेटवर सांगायचं की मी असं असं करणार आहे, अन् ज्याला पटेल तो देईल. आमच्याकडे वर्गणी म्हटली की सप्ताह, अन् सप्ताह म्हटला की महाप्रसाद. त्यामुळं गावानं जे धरलं ते धरलंच. सुधाकर पारावरून निघाला की कोणीतरी ओरडणारच, "काहून रे, बुंदी कवा हाय?" तो म्हणायचा, "गेम हाच प्रसाद." लोक म्हणायचे, "यानं खाल्ली बुंदी."

वर्गणी देणाऱ्यांची नावं त्यानं गेममधल्या मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर लिहिली, खऱ्या देवळात लिहितात तशीच. एका गोऱ्या माणसाचं नाव मारुतीच्या शेपटीजवळ आलं, तर त्यानं खुश होऊन फोटो मागितला.

आमच्या बुढीनं वर्गणी दिली नाही, आवाज दिला. बुढी म्हणजे माझी बायको. गेममध्ये माणूस रस्ता चुकला की बटन दाबायचं, मग म्हातारी वगारीला हाक मारते अन् लांबून वगार ओ देते. त्या हाकेसाठी सुधाकर मोबाईल घेऊन आमच्या गोठ्यात आला. बुढीला म्हणाला, "काकू, तुमी रोज मारता तशी हाक मारा." बुढीनं हाक मारली, अन् एकदा तोंड उघडलं ते मग मिटलंच नाही. बराच वेळ बोलत होती. मी शेतातून आलो तेव्हा हे चालू होतं. मी ओट्यावर बसलो चहाची वाट पाहत.

गेम तयार झाल्यावर तिला टीव्हीसमोर बसवून त्यानं बटन दाबलं. डब्यातून आवाज आला, "ये चांदे, ये वं!" अन् बंद.

बुढी म्हणाली, "बस्स? मी तं लय बोलली होती."

"काकू, या डब्यात जागा नाई. कापा लागलं. नवा डबा येऊन राह्यला. त्यात तुमचं सगळं टाकतो, एक शब्द सोडत नाई."

"पाह्य बरं. इसरशीन."

"नाई इसरत."

अन् खरंच नवा डबा निघाला. जुना बनवणाऱ्या कंपनीनं सांगितलं, याचं दुकान आता बंद. म्हणजे जुन्या डब्यातला गेम हळूहळू कोणालाच मिळणार नाही. त्याला नव्या डब्यात न्यायला पाहिजे. मी म्हटलं, "मंग ने ना. या कोठीतली ज्वारी त्या कोठीत टाकाची, तेवढंच तं हाय."

सुधाकर खुर्चीत ताठ बसला. "काका, ज्वारी नाई. बिऱ्हाड हाय हे. नव्या घराची दारं येगळी, खुट्या येगळ्या. जुनी खाट दारातून जात नाई. चूल मांडाची तं धुराडं दुसरीकळे."

तेव्हापासून हे त्याचं पालुपदच झालं. दाढी काहून वाढली? बिऱ्हाड हलवून राह्यलो. केनवडच्या बाजाराला येतं काय? आधी बिऱ्हाड हलू द्या. लग्नाचं विचारलं तरी तेच, "काका, बिऱ्हाड अर्ध्यात हाय." गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "याले सोताचं बिऱ्हाड नाई, अन् हा बिऱ्हाड हलवून राह्यला!"

पण काम सोपं नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्यांदा नव्या डब्यात गेम लावला तर वगार जमिनीच्या वर, हवेतच चरून राहिली होती. मी म्हटलं, "म्हैस उडून राह्यली बे!" दुसऱ्या वेळी वगार खाली आली, तर मारुतीचं देऊळ उलटं. वर्गणीदारांची नावं पायाखाली गेली. तिसऱ्या वेळी म्हातारीला मुंडकंच नाही, नुसतं लुगडं चालून राहिलं. बुढी तेव्हा माझ्यासोबत होती. पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "सुधाकर, मले मुंडकं लाव रे बापा, मंग माहा आवाज टाक."

मुंडकं बसलं. आवाज टाकायचा राहिला. त्याच्या आधीच बुढी गेली. तापाचं निमित्त झालं. चार दिवस अंथरुणात होती, पाचव्या दिवशी नव्हती.

दहाव्याला सगळे पांगल्यावर सुधाकर दोन घरांमधल्या भिंतीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, काकूचं राहून गेलं."

मला वाटलं, लोक म्हणतात तसं म्हणतो आहे. मी म्हटलं, "सगळ्याइचंच राह्यते." अन् घरात निघून गेलो.

त्यानंतर हा माणूस जास्तच बिघडला. दिवसभर दार लोटलेलं. वर्गणीदार विचारून विचारून थकले, कधी, कधी. संध्याकाळ झाली की भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, "हाव, हाव." कोणाला तरी लाडात हो, हो म्हणतो आहे असा. गावानं लगेच ठरवलं की पुण्याला पोरगी आहे अन् फोनवर जमवाजमव चालली आहे. मी पण तेच धरलं. बरं वाटलं. म्हटलं, चला, कोणी तरी आहे.

मग एक दिवस तो भिंतीवरून म्हणाला, "काका, गेम वापस आला."

नवा डबा बनवणाऱ्यांकडे गेम आधी तपासायला द्यावा लागतो. त्यांनी लिहून पाठवलं की अमुक ठिकाणी गेम अडकतो. खेळणारा उभा राहिला की एक बाई बोलत राहते, थांबत नाही, काही बिघाड आहे.

"मंग?"

"मंग काय! मी लिवलं, गेम अडकला नाई, बाई बोलून राह्यली. ऐकून घ्या."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

पण तपासणाऱ्यांचं म्हणणं पडलं की ती काय बोलते ते खाली अक्षरात दिसू द्या. सुधाकरनं पुण्याच्या एका बाईकडून बुढीचं बोलणं इंग्रजीत लिहून घेतलं अन् गेम पुन्हा पाठवला. पुन्हा वापस. या वेळी सुधाकर भिंतीवरून नाही, दारातून आत आला.

"काका, तुमाले यावंच लागते. थे लोक तुमाले शत्रू म्हनून राह्यले."

"कोन बे?"

तर झालं होतं असं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. ती म्हणते, थे, म्हणजे ते. थे आले, थे गेले, थे जेवले. गेममधल्या म्हातारीला नवराच नव्हता, मग पुण्याच्या त्या बाईला हे कसं कळावं! तिनं थे म्हणजे बरेच जण, असं धरलं. खाली इंग्रजीत उमटलं की ते लोक आले आहेत. तपासणारे घाबरले. झाडांमागं पाहिलं, देवळामागं पाहिलं. अन् लिहून पाठवलं की म्हातारी शत्रू आल्याचं सांगते, पण शत्रू येत नाही, तरी दुरुस्त करावे.

"हाय ना शत्रू," मी म्हटलं. "हा इथं बसला."

"चला, ऐकून घ्या अन् सांगा, काय लिवू."

मला ऐकायचं नव्हतं. बुढी गेल्यापासून मी तिच्या चुलीकडे पाठ करून जेवत होतो. पण तो हात धरून घेऊन गेला. त्यानं गेम लावला, म्हातारी डोंगराच्या पायथ्याशी उभी केली अन् हात आवरून बसला. थोडा वारा वाजला. मग आमची बुढी बोलली.

"ये चांदे, ये वं! कुठी उलथली काय मालूम... थे आले वाटते. आले की चहा पायजे. वगार हरपली तरी चहा पायजे, घर जळलं तरी चहा पायजे. बसतीन आता ओट्यावर तोंड फुगवून. पन मानूस वाईट नाई हो, नुसता आवाज मोठा हाय."

मी टोपी काढली अन् पुन्हा घातली. जल्मभर माझ्या तोंडावर बोलली नाही, ते त्या वगारीला सांगून गेली.

सुधाकर खाली पाहत म्हणाला, "काका, थे च्या जागी तुमचं नाव टाकू काय?"

"तिनं कवा घेतलं नाई. तू कायले तिच्या तोंडात घालतं?"

"मंग?"

"थे च ठेव. समजन ज्याले समजाचं."

"त्याइले शत्रू दिसाले पायजे ना."

मग त्यानंच तोड काढली. गेममध्ये म्हातारीच्या घराला ओटा होताच. त्यावर त्यानं एक बुढा बसवला. टोपी, बंडी, तोंड फुगलेलं. म्हातारी म्हणते "थे आले", अन् बुढा काठी टेकत येऊन ओट्यावर बसतो. मी म्हटलं, नाक जास्त मोठं काढलं. तो म्हणाला, नाक कमीच केलं आहे.

या वेळी गेम वापस आला नाही. नव्या डब्यात बिऱ्हाड लागलं. वगार, देऊळ, भिंतीवरची नावं, म्हातारी अन् तिचं सगळं बोलणं. सुधाकर मला वर्गणीदारांची पत्रं वाचून दाखवायचा. एकानं लिहिलं होतं, "ओट्यावरच्या बुढ्याला चहा कसा द्यायचा? मी सगळी बटनं दाबून पाहिली."

"काय सांगतलं मंग त्याले?"

"सांगतलं, देता येत नाई."

त्याच आठवड्यात सूनबाईनं मला पिठलं-भाकरीचा डबा दिला. म्हणाली, मामंजी, सुधाकर भाऊजीच्या घरून बरेच दिवस फोडणीचा वास नाही आला, पाहून या. दिवेलागण झाली होती. दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवणार, तेवढ्यात आतून बुढीचा आवाज आला.

"थे आले वाटते."

मी उंबऱ्यावरच थांबलो. टीव्ही चालू होता, खेळत कोणी नव्हतं. म्हातारी डोंगराच्या पायथ्याशी तशीच उभी. सुधाकर दुसरीकडे तोंड करून वायरी गुंडाळत बसला होता. बुढीचं चहाचं झालं, माझ्या आवाजाचं झालं. त्या दिवशी मी टोपी काढली-घातली तेव्हाच यानं गेम बंद केला होता, त्यामुळं पुढचं मी ऐकलंच नव्हतं. गोठ्यात मोबाईल धरून उभ्या असलेल्या पोराकडे बुढी शेवटी वळली असावी.

"सुधाकर, जेवला काय रे तू?"

अन् वायरीवरची नजर न काढता सुधाकर म्हणाला, "हाव काकू. हाव, जेवलो."

म्हणजे पुण्याला कोणी नव्हतं.

मी आत पाहिलं. गॅसवर भगोनं पालथं, कोरडं खडखडीत. कूलर बंद, पण त्याचं तोंड अजून त्या जुन्या डब्याकडेच. जुन्या डब्यावर बोटभर धूळ बसलेली. मी धोतराच्या सोग्यानं ती पुसली अन् भाकरीचा डबा त्यावर ठेवला.

"खोटं बोलून राह्यला," मी म्हटलं. "बुढीले खोटं चालत नाई. जेव."

तो दचकला. खाली बसला अन् जेवायला लागला, दिवसभराच्या भुकेल्या माणसासारखा, वर न पाहता. मी खुर्चीत बसलो. टीव्हीत वारा वाजत होता. आम्ही दोघंही बटनाला हात लावत नव्हतो. बराच वेळ कोणी हललं नाही की ती पुन्हा बोलायला लागते, हे मला तेव्हा समजलं.

"थे आले वाटते. आले की चहा पायजे."

सुधाकरनं घास खाली ठेवला. उष्ट्या हातानंच उठला, अन् त्यानं गॅसवर चहाचं आधण ठेवलं.