वळणासाठी लागणारी जागा

माणसाला आयुष्यात काहीतरी चालवायला हवे असते. कोणाला देश मिळतो, कोणाला कारखाना. ज्याला यातले काहीच मिळत नाही त्याला निदान घर चालवायला मिळेल अशी आशा असते. तीही फोल ठरली की माणूस रेल्वेकडे वळतो. अर्थात लहान मापाच्या.

ज्याची ही हकिगत आहे त्याला सगळे चेअरमन म्हणत. पाणीपुरवठा खात्यात तो वरिष्ठ लिपिक होता आणि एकोणीस वर्षांत त्याच्या सहीने एकाही नळाला पाणी आले नव्हते (सही साहेबांची लागते). एका मासिकात त्याने वाचले की छोटी रेल्वे उभारण्याच्या छंदामुळे घरची माणसे आणि मित्रमंडळी एका खोलीत येतात. हे अक्षरशः खरे ठरले. जेवणाच्या टेबलावर रूळ बसले, खुर्च्या माळ्यावर गेल्या आणि घरची माणसे स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, एकाच खोलीत, उभ्याने जेवू लागली. जेवणाचा सरासरी वेळ तेवीस मिनिटांवरून सहा मिनिटांवर आला. वाचलेली सतरा मिनिटे रेल्वेला मिळाली.

कार्यकारिणी चार जणांची होती. चेअरमन स्वतः. त्याचा मित्र, दाताचा डॉक्टर, ज्या चिमट्याने तो आठवडाभर लोकांच्या दाढेतला कापूस काढी त्याच चिमट्याने रविवारी फलाटावर प्रवासी उभे करी (चिमटा आधी उकळून घेतला जाई, प्रवाशांच्या आरोग्याचा प्रश्न होता). तिसरा मेहुणा, म्हणजे चेअरमनच्या बायकोचा भाऊ. त्याच्याकडे वीजखाते होते, कारण घरातला फ्यूज नेहमी त्याच्याच हातून उडे. चौथी बायको. तिच्याकडे वनखाते आणि चहा. स्पंज कातरून, हिरव्या रंगात बुडवून तिने दोनशे चाळीस झाडे केली होती आणि ती इतकी हुबेहूब होती की कार्यकारिणीने तिचे तोंडी आभार मानले.

रेल्वेचे घड्याळ वेगळे होते. गाड्या लहान, अंतरे लहान, तेव्हा वेळही लहान असली पाहिजे हे कोणालाही पटेल. म्हणून मेहुण्याने सहापट पळणारे घड्याळ बसवले. रविवारी सकाळी दहा ते दुपारी दोन या चार तासांत रेल्वेचा पुरा एक दिवस उलटे. बायको एकदा म्हणाली, "दोन दिवस झाले, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत." चेअरमन म्हणाला, "दोनच दिवस ना?" ती म्हणाली, "तुमच्या घड्याळाने बारा." हे गणित बरोबर असल्यामुळे पुढे चर्चा झाली नाही.

तर अशी ही रेल्वे सुरळीत चालली असता वळणाचा प्रश्न निर्माण झाला. मालगाडी वळणावर नीट जाई, पण सात डब्यांची एक्स्प्रेस जाईना. टेबलाच्या कोपऱ्यावर आली की तिचे मधले तीन डबे खाली पडत. डॉक्टरने फूटपट्टी लावून निदान केले: वळण फार आखूड आहे, मोठे वळण हवे, आणि मोठ्या वळणाला जागा हवी. जागा भिंतीपलीकडे होती. भिंतीपलीकडे चेअरमनचे वडील राहत.

म्हातारा चौतीस वर्षे खऱ्या रेल्वेत सांधेवाला होता. दोन रूळ जिथे फुटतात तिथे गाडी इकडे घ्यायची की तिकडे, हे सांधा ओढून ठरवणारा तो सांधेवाला. कार्यकारिणीला ही गोष्ट जरा अडचणीची वाटे. घरात खरी रेल्वे पाहिलेला माणूस असला की मोकळेपणाने काम करता येत नाही. तो फारसा बोलत नसे; दारात उभा राहून बघे, आणि एखादी गाडी पडली की "हं" म्हणे. त्या "हं"चा अर्थ ठरवण्यासाठी एकदा बैठकही झाली होती.

चेअरमनने हा विषय वडिलांपुढे काढला तो अत्यंत अदबीने.

"बाबा, तुमच्या पलंगाखालून एक गाडी जाईल. येईल आणि जाईल. तुम्हाला काही त्रास नाही."

"बरं. भिंत कधी फोडणार?"

"फोडली."

म्हाताऱ्याने वळून पाहिले. भिंतीत, जमिनीपासून दीड हातावर, दोन भोके होती (बोगदा क्रमांक एक आणि बोगदा क्रमांक दोन). "आधी विचारायचं असतं रे," तो म्हणाला, आणि पाय वर घेऊन बसला.

विस्तार यशस्वी झाला. एक्स्प्रेस एका भोकातून शिरे, पलंगाखालच्या फळीवर वळण घेई आणि दुसऱ्या भोकातून बाहेर पडे. फळीवर एक सांधाही होता, पण त्याची मोटर दर दोन फेऱ्यांनी अडके आणि पलंगाखाली वाकणे चेअरमनच्या पोटाला मंजूर नव्हते. तेव्हा डॉक्टरला युक्ती सुचली: म्हाताऱ्याला मानद सांधेवाला नेमावे. काठीने ढकलले की काम झाले. म्हाताऱ्याचा वेळ जाईल, त्याला आपण कोणीतरी आहोत असे वाटेल, आणि मोटर वाचेल (महत्त्वाच्या क्रमाने: मोटर, वेळ, कोणीतरी).

यात एकच चूक झाली. म्हाताऱ्याने नेमणूक खरी मानली.

खऱ्या रेल्वेचा एक साधा नियम आहे. पुढचा माणूस "ये" म्हणाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. मागच्याने विचारायचे, पुढच्याने हो म्हणायचे, मग गाडी. चौतीस वर्षे म्हाताऱ्याने याच नियमावर जेवण पचवले होते. त्याने चेअरमनला हे सांगितले. चेअरमन म्हणाला, "हो हो, बाबा," म्हणजे त्याने ऐकले नाही.

पुढच्या रविवारी बरोबर अकरा वाजता एक्स्प्रेस कोणालाही न विचारता बोगदा क्रमांक एकमध्ये शिरली आणि बोगदा क्रमांक दोनमधून बाहेर आली नाही. मेहुण्याने फ्यूज पाहिला. डॉक्टरने नाडी पाहावी तशी तार पाहिली. चाळीस मिनिटांनी चेअरमन पोटावर पालथा होऊन आत डोकावला. रुळावर चप्पल होती. चपलेला इंजिन टेकलेले होते, आणि वर म्हातारा शांत झोपला होता. रेल्वेच्या घड्याळाने गाडीला चार तास उशीर झाला होता.

तीन जणांची चौकशी समिती नेमली गेली (बायकोला घेतले नाही, ती आरोपीची सून होती). चौदा पानी अहवाल मी पाहिला आहे आणि असा निःपक्षपाती अहवाल क्वचितच वाचायला मिळतो. त्यात अडथळ्याचे वर्णन "परकीय वस्तू: चप्पल, डाव्या पायाची, आठ नंबर" असे आहे. हानी: प्रवासी आडवे पडले अकरा, बेपत्ता दोन, गाय एक (नंतर डॉक्टरच्या खिशात सापडली). चप्पल हाच अपघाताचा उगम, असा समितीचा एकमुखी निष्कर्ष आहे. भोकांविषयी अहवालात काही नाही, कारण भोके अपघाताच्या आधीची होती. म्हाताऱ्याची साक्ष नवव्या पानावर आहे.

"गाडी का अडवली?"

"कोणी विचारलं नाही."

"ही खेळण्यातली गाडी आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का?"

या उत्तरानंतर समितीने चहासाठी काम तहकूब केले.

शिफारसी दोन होत्या. एक, कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय साठ ठरवावे (डॉक्टर एकसष्ट वर्षांचे होते, पण ते सल्लागार होते). दोन, सांधेवाला निवृत्त झाल्यामुळे त्याला कामाच्या जागेवर राहण्याचे कारण उरत नाही. सबब ती खोली रेल्वेकडे घ्यावी आणि पलंग गॅलरीत हलवावा. गॅलरी हवेशीर होती. बायको स्पष्टच बोलली, "लाज वाटत नाही का? सख्खा बाप आहे तो तुमचा. पावसाची झड आली तर पलंग कुठे न्यायचा?" ठरावाच्या बाजूने तीन मते पडली. विरुद्ध एक पडले असते, पण मतदानाच्या वेळी ती दूध उतू जाईल म्हणून आत गेली होती.

चेअरमनला वाईट वाटले नाही असे नाही. वडिलांची उशी गॅलरीत नेताना त्याला चांगलेच वाईट वाटले, आणि परत येताना त्याने खोलीची लांबी पावलांनी मोजली. बारा भरली. मग त्याला बरे वाटले.

रिकाम्या खोलीत काय उभे राहिले ते प्रत्यक्षच पाहायला हवे. जिथे पलंग होता तिथे डोंगर आला, जिथे कपाट होते तिथे नदीवरचा पूल. आणि म्हाताऱ्याच्या सेवेची जाण म्हणून, जिथे त्याच्या पायाशी चप्पल असे बरोबर तिथे, डॉक्टरने स्वतः कोरलेला सांधेवाल्याचा पुतळा बसवला. उंची एकोणीस मिलिमीटर, हातात हिरवा झेंडा, डोक्याला टक्कल, आणि भिंगातून पाहिले तर कपाळावर दोन आठ्या. असा सन्मान हयात माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही.

उद्घाटनाला चौदा पाहुणे आले: शेजारी, खात्यातली माणसे, डॉक्टरचे काही रुग्ण (ज्यांची दाढ अर्धी भरायची राहिली होती ते नाही म्हणू शकले नाहीत). चेअरमनने कोट घातला होता. सात डब्यांची एक्स्प्रेस खोलीतल्या या नव्या, आणखी मोठ्या वळणावरून आजवर एकदाही धड गेली नव्हती. सरावाच्या वेळी पाचवा डबा दोनदा नदीत गेला होता. डॉक्टर पुलापाशी दबा धरून बसला, मेहुण्याने फ्यूजवर हात ठेवला. (दारात पिशवी घेऊन कोणीतरी काहीतरी विचारत होते, दोनदा की तीनदा, पण ती वेळ तसल्या गोष्टीची नव्हती.) चेअरमनने हातातला हिरवा झेंडा उंच केला. गाडी सुटली. पहिला बोगदा. डोंगर. पुलावर येताच पाचवा डबा डावीकडे झुकला, बाहेरची दोन चाके रुळावरून उचलली गेली, एक बाई "अगं बाई!" म्हणाली, आणि डबा पुन्हा सरळ झाला. दुसऱ्या बोगद्यातून इंजिन बाहेर आले, मागून एक, दोन, तीन, मोजून सातही डबे आले. टाळ्या पडल्या. चेअरमनच्या डोळ्यांत पाणी आले. एकोणीस वर्षांत प्रथमच त्याने काहीतरी सोडले होते आणि ते पोचले होते.

दीड वाजला तरी चहा आला नाही म्हणून वनखात्याची चौकशी झाली. बायको घरात नव्हती. दोन वाजता, पाहुणे पांगल्यावर, ती बाहेरून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "बाबांना गाडीत बसवून आले. वन्संकडे गेले. आता तिथेच राहतो म्हणाले."

"ताईकडे? मला न सांगता?" चेअरमनला खरेच लागले होते.

"न सांगता कसे जातील? आयुष्यात कधी विचारल्याशिवाय पाऊल टाकलंय त्यांनी? दारात उभे राहून तीनदा विचारलं, निघू का म्हणून. मी म्हटलं, चला बाबा, त्यांचं लक्ष नाही. तर जागचे हलेनात." तिने पदराने तोंड पुसले. "मग तुम्ही हिरवा झेंडा दाखवलात. तेव्हा निघाले."

चेअरमन मटकन खाली बसला. खुर्च्या माळ्यावर असल्यामुळे जमिनीवरच बसला. त्याला बापाचा चेहरा आठवून पाहायचा होता, निघताना कसा होता तो. आणि त्याने पाहिलेलाच नव्हता. तो रडला, अगदी हमसून. मेहुणा आणि डॉक्टर आपापल्या घरी गेले.

हे वाचून तुम्हालाही चेअरमनचा संताप आला असेल, आणि तो योग्यच आहे. फक्त एक नोंद करून ठेवतो. म्हातारा पिशवी घेऊन दारात उभा होता हे मी तुमच्यापासून लपवलेले नाही. तो विचारत होता, हेही सांगितले होते. कंसात सांगितले होते, एवढेच. तुम्ही ते वाचलेत, आणि पाचव्या डब्याचे काय होते ते बघायला भराभर पुढे गेलात.